गाडीचे माहेरपण

सासरी नांदणाऱ्या बहिणीला माहेरी न्यायला जो भाऊ जातो, त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात. पंचमीला नाही तर दिवाळीला तो पिशवी सावरीत सासरच्या दारात उभा राहतो, आणि बहीण चार दिवसांसाठी का होईना, सुटते. मोटारगाड्यांनाही माहेर असते आणि त्यांनाही मुराळी येतो, हे मला वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी कळले. फरक इतकाच, की मुलीला माहेरी बोलावतात ते तिचे कौतुक करायला आणि गाडीला बोलावतात ते तिच्या अंगात जन्मापासून राहिलेली खोड काढायला. याला इंग्रजीत 'रिकॉल' म्हणतात. मी कॉमर्सचा माणूस. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता आणि ते उशिरा भरल्याबद्दल दंड भरण्यापुरता. तरीही गाडीतली वीज आणि उशीर या दोन विषयांवर लिहिण्याचा मला थोडा अधिकार पोचतो, तो कसा ते पुढे येईलच.

2014 साली मी एक लहान गाडी घेतली. कंपनीचे नाव सांगत नाही. कर्ज फिटले आहे, आता भांडण नको. गाडी तशी गुणाची होती, पण चालकाच्या दारात काचा खालीवर करणारी जी चार बटणे होती त्यांच्या अंगात वारे येत असे. मे महिन्यात वर्ध्याला पारा 46 वर गेला, की मी काच बंद ठेवून आत गारवा करावा आणि हिने "काही थंड होऊन नाही राहिलं" म्हणावे. पाहतो तर मागची काच आपली आपण खाली उतरलेली. पावसाळ्यात तर ती हमखास उतरे. मेकॅनिकला दाखवले. त्याने बटणाला कान लावला, फुंकर मारली आणि निदान सांगितले, "पाणी गेलं साहेब. उन्हात ठेवा, वाळून जाईन." वर्ध्याच्या उन्हात माणसे वाळतात, बटणांची काय कथा! गाडी सुधारली, पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बिघडली. अशी पाच वर्षे काढून 2019 साली मी ती देवळीच्या एका गुरुजींना विकली. फॉर्म 29 आणि फॉर्म 30 वर सह्या करून दिल्या, पेढे दिले, आणि बटणांविषयी फक्त एवढेच बोललो, "पावसाळ्यात जरा जपून." व्यवहारात याहून अधिक सत्य कोणी बोलत नाही.

चार वर्षे गेली. 2023 च्या जुलैमध्ये माझ्या नावाने एक जाडसर लिफाफा आला. आत कंपनीचे पत्र. आपली सुरक्षितता हे आमचे सर्वोच्च प्राधान्य आहे, अशी सुरुवात वाचली तेव्हाच मी सावध झालो. मीही बँकेची पत्रे लिहितो. ज्या पत्रात पहिल्याच ओळीत ग्राहकावर इतके प्रेम असते, त्यात तिसऱ्या ओळीत काहीतरी असतेच. तसे होतेच. काही मोजक्या गाड्यांत, क्वचित प्रसंगी, चालकाच्या दारातील बटणांच्या संचात ओलावा शिरल्यास तो तापण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी गाडी जवळच्या केंद्रात आणावी, भाग विनामूल्य बदलून मिळेल. नऊ वर्षांनी! मुलगी सासरी जाऊन नऊ वर्षे झाली, तिथून ती तिसऱ्याच घरी गेली, आणि आता मुराळी पहिल्या घराच्या दारात उभा.

मी ते पत्र हिला वाचून दाखवले, कंपनीच्या दिरंगाईवर अर्धा तास बोललो, आणि पत्र टीव्हीखालच्या खणात ठेवून दिले. त्या खणात काय जाते ते आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. बाहेर काय येते ते अजून कोणी पाहिलेले नाही.

आता मोटारीत ही वीज शिरली कशी, ते पाहू. आरंभी मोटारी हँडल मारून सुरू करीत. समोर उभे राहायचे, लोखंडी दांडा खुपसायचा आणि जोर लावून फिरवायचा. इंजिनाचा मूड नसला तर हँडल उलटे फिरे आणि मनगट मोडे. मग 1912 साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीला चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला विजेचा स्टार्टर बसला, आणि मोटार चालवायला पैलवान लागेनासा झाला. स्टार्टर आला म्हणून मोठी बॅटरी आली, बॅटरी भरायला डायनामो आला, वीज आहेच म्हणून दिवे, भोंगा, वायपर आले, आणि या सर्वांना जोडणाऱ्या तारा आल्या. तारा आल्या म्हणून उंदीर आले. इंग्रजी मोटारींच्या विजेचे सामान लुकास नावाची कंपनी बनवीत असे. ऐन रात्री दिवे जाण्याच्या त्यांच्या लौकिकामुळे तिकडचे शौकीन जोसेफ लुकास यांना थट्टेने 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. आपल्याकडे भारनियमनाच्या काळात असे राजपुत्र गल्लोगल्ली होते, म्हणून आपण कोणाला किताब दिला नाही.

बंद पडलेल्या मोटारीवर आमच्या वर्ध्याने मात्र जगाला एक उत्तर दिलेले आहे. गांधीजी 1936 साली शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला आले. तेव्हाचा तो रस्ता म्हणजे पावसाळ्यात चिखलच. जुनी माणसे सांगतात, की जमनालालजी बजाज यांच्याकडे एक फोर्ड मोटार होती, तिला पुढून बैल जुंपले होते आणि लोक त्या वाहनाला कौतुकाने 'ऑक्सफर्ड' म्हणत. ऑक्स म्हणजे बैल आणि फोर्ड म्हणजे फोर्ड. विचार केला तर या गाडीत विजेचा एकही दोष संभवत नाही. बैल ओला झाला तरी तापत नाही, आणि त्याला परत बोलवायचे तर नुसते "हर्र" म्हटले की पुरते. विलायतेतल्या ऑक्सफर्डला शिकून आलेली बरीच मंडळी त्या काळी सेवाग्रामला येत. त्यांनाही शेवटी हेच ऑक्सफर्ड उपयोगी पडले असेल.

याच बजाज घराण्याचा वाहनांशी पुढे आलेला संबंध तर अवघ्या देशाला माहीत आहे. 1945 साली जी कंपनी निघाली तिचे मूळ नाव बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन. जमनालालजी ज्या घरी दत्तक आले त्या वर्ध्याच्या शेठ बछराज यांचे हे नाव. म्हणजे बजाजच्या स्कूटरचे कारखाने पुण्याकडे आकुर्डीला असले, तरी तिचे आजोळ आमच्याकडचे. पुढे चेतक आली आणि तिच्यासाठी लोक नंबर लावून दहा-दहा वर्षे वाट पाहत. मुलगा झाला की नंबर लावायचा, तो मॅट्रिकच्या जवळ आला की स्कूटर घरात. तिकडे कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून निघणाऱ्या फियाटचीही तीच तऱ्हा. जिथे गाडी मिळायलाच दहा वर्षे लागतात, तिथे "तुमच्या गाडीत दोष आहे, परत आणा" असे कोणी म्हणाले असते, तर लोकांनी दाराला कुलूप लावले असते. एकदा हाती आलेली गाडी परत देतो कोण! स्कूटर सुरू झाली नाही तर आपण तिला डावीकडे कलती करीत होतो, दोन मिनिटे तशीच धरून ठेवीत होतो, मग किक मारीत होतो. दोष हा गाडीचा नसे, तो आपल्या किक मारण्याचा असे. अशी समजूतदार गिऱ्हाइके जगात कुठे झाली नाहीत.

अमेरिकेत गिऱ्हाईक इतके समजूतदार नव्हते. राल्फ नेडर नावाच्या एका तरुण वकिलाने 1965 साली तिथल्या मोटारींच्या असुरक्षितपणावर पुस्तक लिहिले, गवगवा झाला, आणि 1966 साली कायदा आला. गाडीत सुरक्षिततेचा दोष सापडला तर कंपनीने मालकाला कळवलेच पाहिजे. यातली गंमत अशी, की सक्ती होती ती कळवण्याची. फुकट दुरुस्त करून देण्याची सक्ती 1974 साली आली. मधली आठ वर्षे कायद्याप्रमाणे नुसते "आपल्या गाडीत दोष आहे, कळावे, लोभ असावा" एवढ्यावर भागत होते.

आणि सक्ती असूनही मुराळी वेळेवर निघतो असे नाही. जनरल मोटर्स ही केवढी मोठी कंपनी! आमच्या पुण्याजवळ तळेगावलाही तिचा कारखाना होता. या कंपनीच्या अमेरिकेतल्या काही गाड्यांत किल्ली फिरवण्याचा जो स्विच असतो, तो जरासा ढिला होता. किल्लीला वजन लटकले आणि धक्का बसला, की स्विच आपोआप सरके. धावत्या गाडीचे इंजिन बंद, स्टीअरिंग जड, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडायची नाही. भाग एका डॉलरच्याही आतला. कंपनीतल्या काही लोकांना ही खोड बरीच वर्षे ठाऊक होती. 2006 च्या सुमारास स्विच गुपचूप सुधारलाही, पण त्याचा नंबर बदलला नाही, त्यामुळे जुना कुठला आणि नवा कुठला ते कोणाला कळेना. हिशेबातली चूक खोडून त्याच ओळीवर दुसरा आकडा लिहायचा आणि सही करायची नाही, असा हा प्रकार. आमच्या बँकेत याला घरी पाठवतात. शेवटी 2014 साली सुमारे 26 लाख गाड्या परत बोलावल्या. भरपाईच्या हिशेबात 124 मृत्यू धरले गेले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने लोकांना सांगितले, की किल्ली एकटीच वापरा, तिच्या कडीत दुसरे काही अडकवू नका. हे वाचून मी आमच्या हिच्या जुडग्याकडे पाहिले. त्यात कपाटाची, गोदरेजची, गेटची, हिच्या माहेरच्या घराची अशा नऊ किल्ल्या, शेगावचे गजानन महाराज, एक पितळी घुंगरू आणि नेलकटर होते. ती अमेरिकेत नव्हती, ही महाराजांचीच कृपा.

आपल्याकडे या बाबतीत बराच काळ सगळा स्वखुशीचा मामला होता. 2009 साली टाटांची नॅनो आली, लाखाची गाडी म्हणून देशाने डोक्यावर घेतली. 2010 मध्ये तिच्यातल्या काही गाड्यांना आगी लागल्या. कंपनीने त्या वर्षाअखेर जाहीर केले, की एक्झॉस्ट आणि विजेच्या यंत्रणेला आम्ही फुकट जादा संरक्षण बसवून देतो. मात्र याला रिकॉल म्हणायचे नाही. माहेरी न्यायचे, पण माहेरपण म्हणायचे नाही! त्या काळी तो शब्दच बदनामीचा वाटे. 2012 साली मोटार बनवणाऱ्यांच्या संघटनेने आपण होऊन दोष कबूल करण्याची नियमावली केली. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 एप्रिल 2021 पासून नियम लागू झाले: सात वर्षांच्या आतली गाडी असेल आणि तक्रारी ठरावीक संख्येपलीकडे गेल्या, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते, आणि दंड एक कोटीपर्यंत.

त्याच वर्षी सप्टेंबरात मारुतीने 1,81,754 गाड्या तपासणीला बोलावल्या. दोष विजेचाच, मोटर जनरेटर नावाच्या भागाचा. कंपनीने आपण होऊन जाहीर केले हे चांगलेच झाले. पण बदलून देण्याचे काम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून सुरू होणार होते, आणि तोवर गाडी साचलेल्या पाण्यातून नेऊ नका असा सल्ला होता. भाद्रपदात, भारतात, गाडी पाण्यातून नेऊ नका! म्हणजे हातात घेऊनच चालायचे.

असा सारा इतिहास मी डबा खाताना बँकेत सांगत होतो. माझे एक सहकारी कर्ज विभागात आहेत. त्यांना माणसाचे जेवण बिघडवण्याची विद्या अवगत आहे. ते म्हणाले, "पत्र तुमच्याच नावानं कसं आलं? गाडी तुमच्या नावावरून निघाली की नाही, पाहिलं का?" मी म्हटले, फॉर्मवर सह्या केल्या होत्या. "सह्या तुम्ही केल्या. फॉर्म आरटीओत भरला कोणी?" घास माझ्या हातातच राहिला. मग त्यांनी 2018 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. गाडी विकली असली तरी कागदावर ज्याचे नाव, अपघाताच्या भरपाईला कायद्याने मालक तोच. घरी येऊन मोबाईलवर एमएच-32 चा तो जुना नंबर टाकला. मालकाच्या रकान्यात फुल्याफुल्यांतून डोकावणारी अक्षरे माझ्याच नावाची होती. कंपनीला नावे ठेवत मी जो खण बंद केला होता, तो चार महिन्यांनी, दिवाळी उलटल्यावर, मी एका झटक्यात उघडला. कर्तव्याची जाणीव झाली असे लिहायला बरे दिसेल, पण खरे कारण भीती हेच.

रविवारी एसटीने देवळी गाठली. जाताना गोरसपाकाचा पुडा घेतला. मुराळ्याने रिकाम्या हाताने जाऊ नये. गुरुजी निवृत्त झाले होते. "गाडी? ते तं जावयाले देली पुलगावले. त्याची लेकरं मोठी झाली, त्यानं मोठी घेतली." फॉर्म? गुरुजींनी कपाट उघडून प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेले माझे दोन्ही फॉर्म दाखवले. "तुमच्या सह्या हाय जी याच्यावर, फेकतो कसा!" पुलगावला जावईबापू म्हणाले, की गाडी आर्वीला एका ओळखीच्याला दिली. तिकडे एके काळी नॅरोगेजची छोटी रेल्वे जात असे. तीही बंद पडली आणि तिला कोणी परत बोलावले नाही. पुन्हा एसटी. आर्वीला पोचेतो दुपारचे तीन झाले होते आणि पुड्यातला गोरसपाक निम्मा झाला होता.

गाडी अंगणात उभी होती. रंग उतरला होता, पण मी ओळखली. तिचा आताचा मालक तिशीतला असेल. सकाळ-संध्याकाळ आसपासची सहा-सात पोरे शाळेत नेऊन सोडायचा हा धंदा. मी पत्र पुढे केले. त्याने ते सावकाश वाचले, मग काही न बोलता मला गाडीच्या उजव्या दाराशी नेले. जिथे माझी ती चार बटणे होती तिथे पत्र्याचा तुकडा ठोकला होता, आणि खाली काच फिरवायचे एक हँडल. साधे, हाताने फिरवायचे हँडल.

"पोळ्याच्या आदल्या हप्त्यात धूर निघाला याच्यातून. पाऊस चालू होता. पोट्टे बसले होते मागं. पटापट उतरवले, बॅटरीची तार उपटली. कोणाले काही झालं नाई, देवाची कृपा. मंग भंगारातून साध्या गाडीच्या दाराचं हे आणून बसवलं." एवढे सांगून त्याने पत्राच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. "जुलैची चिठ्ठी हाय ही," तो म्हणाला. पोळा सप्टेंबरात होता, हे त्याने सांगितले नाही. मला येत होते ते.

मी बँकेत वीस वर्षे जावक रजिस्टर सांभाळले आहे. पत्र लिहिले, नंबर टाकला, पोस्टात गेले, की आमचे काम संपले. ते पोचले का, याला वेगळे रजिस्टर नाही. कंपनीनेही तेच केले, गुरुजींनी फॉर्म जपून ठेवले, आणि मी पत्र जपून ठेवले. सर्वांचे कागद व्यवस्थित होते, फक्त गाडी मधल्यामध्ये पेटणार होती. कंपनीच्या नऊ वर्षांवर मी अर्धा तास बोललो होतो. माझ्या चार महिन्यांवर तो एक वाक्य बोलला, आणि तेही चहा सांगताना.

पुढच्या आठवड्यात तो गाडी घेऊन वर्ध्याला आला. आम्ही दोघे कंपनीच्या केंद्रात गेलो. तिथल्या टाय लावलेल्या मुलाने दार पाहिले, संगणकात पाहिले आणि सांगितले, की कंपनीचा मूळ संच जागेवर नाही, तेव्हा तो बदलता येणार नाही. म्हणजे दोष काढून घ्यायला दोष गाडीत शाबूत पाहिजे! शिवाय भाग तूर्त शिल्लक नाही, आल्यावर कळवू. कोणत्या पत्त्यावर, असे मी विचारले. "रेकॉर्डवर आहे त्या," तो म्हणाला.

तिथून आम्ही आरटीओत गेलो. दोन चकरा लागल्या, पण गाडी त्याच्या नावावर झाली. आता कंपनीचे जे काही पत्र यायचे ते आर्वीला जाईल, पोरे नेणाऱ्या माणसाच्या हातात पडेल. एकशे अकरा वर्षांपूर्वी केटरिंगने मोटारीचे हँडल काढले होते; आर्वीच्या भंगारवाल्याने ते परत बसवले आहे, आणि त्यात ओलावा शिरत नाही. उरलेल्या तीन काचांची बटणेही त्याने मला बजावून काढून टाकली.

निघताना त्याने हँडल गरगर फिरवून काच खाली केली आणि डोके बाहेर काढले. "साहेब," तो म्हणाला, "चुकून तुमच्याकडंच आली चिठ्ठी, तं फोन करजा बरं. एसटीनं नका येऊ. टाइम लागते."